दस्तगीरचं मशीन आणि तिसरी पिन

रविवार, दुपारचे साडेचार. कोल्हापुरातलं एक सभागृह. खुर्च्या भरलेल्या, हारतुरे उरकलेले. प्रमुख पाहुणे भाषणाला उठले. माइक जवळ ओढायला त्यांनी स्टँडचा दांडा धरला आणि हात झटकून मागं सरले. माइक आडवा पडला. त्या पडलेल्या माइकमधून त्यांचं एक वाक्य अख्ख्या सभागृहानं ऐकलं.

"आयला, करंट हाय ह्यात!"

पाहुणे शिक्षणक्षेत्रातले होते. त्यांच्या भाषणातलं लोकांच्या लक्षात राहिलेलं वाक्य तेवढंच!

मी बातमीसाठी पहिल्या रांगेत बसलो होतो. सभागृह ज्या संस्थेचं, तिचे सेक्रेटरी लगेच पुढं आले. माइकला हात लावायची कुणाचीच तयारी नव्हती, म्हणून त्यांनी नुसत्या आवाजात जाहीर केलं, "मंडळी, आमचा काही दोष नाही. साउंडवाल्याचं मशीन खराब आहे." सगळ्या माना एकदम डावीकडं वळल्या. तिथं आपल्या अ‍ॅम्प्लिफायरशेजारी दस्तगीर उभा होता. त्याच्या वडिलांनी याच सभागृहात कर्ण्याच्या जमान्यापासून साउंडचं काम केलेलं. तेच काम पुढं त्याच्याकडं आलेलं.

कार्यक्रम कसाबसा संपला. सेक्रेटरींनी दस्तगीरला बाजूला घेतलं, पण आवाज बाजूला घेतला नाही. "पुढच्या महिन्यात वर्धापनदिन आहे. तोवर मशीन सुधारलं तर ठीक. नाहीतर तुझं काम बंद. आणि का बंद केलं, ते गावातल्या सगळ्या हॉलवाल्यांना मी स्वतः कळवणार."

मी विचारलं, "मशीनचाच दोष, हे कशावरून?"

"शॉक मशीनमधून आला, म्हणजे दोष मशीनचा. तुम्हा पत्रकारांना साध्या गोष्टीतसुद्धा भानगड दिसते."

"भानगड असते म्हणून दिसते," मी म्हणालो. आमचे संबंध तिथपासून बिघडले, ते आजही तसेच आहेत.

रिपोर्टरकडं किस्से का साठतात, याचं माझं उत्तर सोपं आहे. छापलेली बातमी दुसऱ्या दिवशी भडंगाच्या पुडीला जाते. न छापलेली डोक्यात राहते. आणि मल्लूअण्णांच्या रिपेअरिंगच्या दुकानात बसणाऱ्याकडं तर ते दुप्पट साठतात, कारण तिथं येणारं प्रत्येक जळकं मशीन सोबत एक खोटं कारण घेऊन येतं. दस्तगीरचं मशीनही दुसऱ्या दिवशी सकाळी तिथंच गेलं. माझी तिथली बैठक मात्र फार जुनी.

* * *

मल्लूअण्णा म्हणजे मल्लिकार्जुन. गडहिंग्लजकडचं लिंगायत घर. घरी कानडी, दुकानात मराठी आणि चिडले की दोन्ही. कपाळाला विभूती, कानामागं टेस्टर. फिजिक्समध्ये बी.एस्सी. झालेले, आणि ही माहिती गिऱ्हाइकाला पहिल्या पाच मिनिटांत मिळेल याची काळजी ते स्वतःच घेत. लक्ष्मीपुरीतल्या एका बोळात त्यांचं दुकान. अर्ध्या दुकानात मशीनं, उरलेल्या अर्ध्यात आम्ही.

त्यांचा हातखंडा पॉवर सप्लायमध्ये. भिंतीतली वीज अ‍ॅम्प्लिफायरला जशीच्या तशी चालत नाही. ती कमी करून, सरळ करून आत द्यावी लागते. हे करणारा मशीनमधला भाग म्हणजे पॉवर सप्लाय. अण्णा म्हणायचे, "ह्येला मी मशीनचं सैपाकघर म्हणतो. घरात भांडण कुठंबी हुंदे, सुरुवात हितनंच!"

नव्वद सालानंतरच्या कुठल्याशा गणपतीत एका तालमीचे कार्यकर्ते मशीन घेऊन आले. चौघांनी मिळून उचललेलं. वास बोळाच्या तोंडापासून येत होता.

"काय केलासा?" अण्णांनी विचारलं.

"काय न्हाय ओ अण्णा. चालू हुतं, आपोआप बंद पडलं."

अण्णांनी झाकण खोललं. फ्यूज म्हणजे वीज जास्त आली तर आधी स्वतः जळून मशीन वाचवणारी बारीक तार. तिच्या जागी एक जाडजूड खिळा ठोकून बसवला होता. अण्णांनी तो पकडीत धरून सगळ्यांना दाखवला.

"ह्यो आपोआप उगवला काय?"

कार्यकर्त्यांनी एकमेकांकडं बघितलं. एकजण म्हणाला, "फ्यूज सारखाच जायचा ओ."

"मग ह्यो गेला न्हाय बघा. बाकी सगळं गेलं!"

* * *

दुकानात फळीवर एक बल्ब लावलेला असायचा. त्याला सिरीज बल्ब म्हणतात. दुरुस्तीचं मशीन सरळ विजेला लावायचं नाही, आधी या बल्बातून वीज घ्यायची. मशीन आतून शॉर्ट असलं तर बल्ब लख्ख पेटतो. मशीन चांगलं असलं तर क्षणभर लागतो आणि मंद होतो. पॉवर सप्लायचं अर्धं दुखणं हा बल्बच सांगून टाकतो.

निवडणुकीच्या दिवसांत एक नगरसेवक स्वतः आले. प्रचाराच्या रिक्षावरचं मशीन बंद पडलेलं, संध्याकाळी कोपरासभा. "अण्णा, काय बी करा पर आत्ताच्या आत्ता करा."

अण्णांनी मशीन सिरीजला लावलं. बल्ब भगभगीत पेटला. नगरसेवकांनी तिथल्या तिथं हात जोडले. "व्वा! झालं की! मानलं बघा तुम्हास्नी!"

"सायेब, ह्यो बल्ब लागला की मशीन मेल्यालं असतंय."

"आन् विझला की?"

"विझला की जगलं."

नगरसेवक विचारात पडले. दस्तगीर त्या दिवशी बाकावर चहा पीत बसला होता. तो कपात बघत म्हणाला, "मग आमच्या गल्लीतलं खांबावरचं समदं दिवं जित्तं हायत म्हणायचं!"

नगरसेवकांनी मशीन उचललं आणि दुसऱ्या दुकानाची वाट धरली. अण्णा दस्तगीरवर तासभर खेकसत होते. दस्तगीरनं तेवढ्यात अजून एक चहा मागवला.

* * *

आता त्या तिसऱ्या पिनेचं.

अण्णांच्या दुकानाच्या दारात लिंबू-मिरची नव्हती. तिथं कापलेल्या प्लगांची माळ लोंबायची. सगळे दोन पिनांचे. दुरुस्तीला आलेल्या मशीनला दोन पिनांचा प्लग असला की अण्णा तो कचकन कापायचे, माळेत ओवायचे आणि तीन पिनांचा बसवायचे. गिऱ्हाइकाला विचारायचे नाहीत. तिसरी पिन म्हणजे अर्थिंगची. मशीनच्या पत्र्यात चुकून वीज उतरली तर ती माणसाच्या अंगातून न जाता त्या पिनेतून, भिंतीतल्या वायरीनं, थेट जमिनीत जावी, यासाठी ती असते.

एकदा एक भजनी मंडळाचे बुवा भांडायला आले. "आमच्या देवळात तीन भोकांचा बोर्डच न्हाय. आता ह्यो प्लग कुठं घालू?"

"बोर्ड बदला."

"देऊळ जुनं हाय ओ."

"देव जुना असंना का, करंट ताजा असतोय!"

बुवा बोर्ड बदलायला गेले. म्हणजे तसं सांगून तरी गेले.

शॉकच्या प्रकाराआधी थोडे दिवस दस्तगीरच्या मशीनचा पॉवर सप्लाय गेला होता. आतले दोन डायोड मेले होते. वीज सरळ करायचं काम त्यांचं. अण्णांनी ते बदलले, आणि मशीन वडिलांच्या वेळचं असल्यामुळं त्याला दोन पिनांचा प्लग होता, तोही माळेत गेला. मशीन दुकानात मस्त वाजलं.

त्यानंतर त्या सभागृहात पहिलाच कार्यक्रम झाला आणि स्पीकरमधून 'घूंऽऽ' सुरू झालं. कधी यायचं, कधी जायचं. लोकांनी दोन-तीन कार्यक्रम ते सहन केलं. मग तो रविवार उजाडला आणि पाहुण्यांना शॉक बसला.

सगळ्यांचा निष्कर्ष एकच. इतकी वर्षं मशीन गप्प होतं. अण्णांनी हात लावला आणि बिघडलं.

* * *

स्पीकरमधून अशी घूंघूं आली की कुठलाही मेकॅनिक पहिल्यांदा पॉवर सप्लायचा फिल्टर बघतो. सरळ केलेल्या विजेत जी थरथर उरते ती गाळून घेणारे मोठे डब्यासारखे कपॅसिटर असतात, ते म्हणजे फिल्टर. ते वाळले की थरथर स्पीकरपर्यंत पोचते. अण्णांनी फिल्टर बदलले. दुकानात मशीन लावलं. टाचणी पडली तरी ऐकू यावी इतकं शांत.

दस्तगीर मशीन घेऊन सभागृहात गेला. घूंऽऽ.

परत दुकानात आणलं. गप्प!

अण्णांनी मीटर लावून ट्रान्सफॉर्मर तपासला, सगळे सांधे पुन्हा सोल्डरचा डाग देऊन पक्के केले, नवे डायोडही काढून दुसरे घातले. दस्तगीर मशीन घेऊन गेला. घूंऽऽ. परत आणलं. गप्प!

"अण्णा, तुमच्यापुढं ह्ये नव्या सुनंगत वागतंय बघा," दस्तगीर म्हणाला. "हॉलमध्ये गेलं की तोंड सोडतंय."

प्रकरण अण्णांना विनोद सहन होण्याच्या पलीकडं गेलेलं होतं. माणूस गर्विष्ठ. आपण दुरुस्त केलेलं मशीन परत येणं हा त्यांना शिवीसारखा प्रकार. रागाच्या भरात त्यांनी अजून एक नवा फिल्टर काढला आणि बसवला. त्याची एक बाजू अधिकची, एक उण्याची. ती उलटी लागली. सिरीज बल्ब मध्ये घ्यायचाही राहिला. बटण दाबल्यावर थोडा वेळ काहीच झालं नाही. मग बार झाला!

कागदाचा आणि चांदीचा चुरा दुकानभर उडाला. अण्णांच्या विभूतीवर चंदेरी कागद चिकटला. समोरचा चहावाला धावत आला.

"अण्णा, काय फुटलं?"

अण्णांनी चष्मा पुसला. "काय फुटलं न्हाय. टेस्टिंग चाललंय!"

चहावाला दोन पावलं गेला आणि वळून म्हणाला, "टेस्टिंग संपलं की सांगा, तवाच चहा आणतो."

* * *

त्याच सुमारास इचलकरंजीहून एक यंत्रमागवाले आले. त्यांच्या शेडमधल्या स्पीकरच्या मशीनचा फ्यूज सारखा उडत होता, दोनदा पॉवर सप्लायही जळून झालेला. दुकानात आणलं की मशीन ठणठणीत. अण्णांच्या डोक्यात हेच दुखणं घोळत होतं. ते म्हणाले, "मी येतो." माझ्या स्कूटरवरून आम्ही दोघं गेलो.

शेडमध्ये मागांचा आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागत होतं. मालक शिफ्ट सुटताना आरतीची कॅसेट लावत. माग थांबल्यावर तेवढाच वेळ काही ऐकू यायचं. अण्णा मीटर लावून बसले. शिफ्ट सुटली. शेडमधले आणि आजूबाजूच्या शेडमधलेही माग एकापाठोपाठ थांबले. डोक्यावरचा दिवा एकदम पांढराफटक झाला. मीटरचा काटा वर पळाला. आरतीची पहिली ओळ झाली आणि फट्! फ्यूज गेला.

"बघितलासा?" अण्णा म्हणाले.

मालक म्हणाले, "पावणं, तुम्ही मशीनचं बोला की. माग कशाला बघालाय?"

"मशीनचंच बोलालोय. माग चालू असतात तवा वीज तिकडं खपती. माग एकदम थांबलं की व्होल्टेज चढतंय, आन् त्याच टायमाला तुम्ही मशीन लावतासा. स्टॅबिलायझर बसवा. मशीनला काय झाल्यालं न्हाय."

मालकांचा चेहरा पडला. मी विचारलं, काय झालं. ते खालच्या आवाजात म्हणाले, "आम्हाला वाटलं आरती पावत न्हाय." त्यांनी तोवर मारुती, खंडोबा आणि अंबाबाई असे देव बदलून बघितले होते!

परतीच्या वाटेवर अण्णा मागं बसून बोटांवर काहीतरी मोजत होते. शिरोलीच्या नाक्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर जोरात थाप मारली. स्कूटर जवळजवळ उसाच्या ट्रॉलीखाली गेली होती.

"दस्तगीरचं मशीन माझ्याकडं गप्प. हॉलमध्ये बोंबलतंय. मग मी मशीन कशापायी उघडालोय? हॉल उघडाय पायजे!"

* * *

पण हॉल उघडायचा म्हणजे सेक्रेटरींची परवानगी. मी फोन केला. ते म्हणाले, "आमच्या वास्तूत दोष शोधायला तुम्हाला कुणी नेमलं?" मी म्हणालो, "परवानगी नाकारली, एवढंच छापू का?" त्यांनी फोन आपटला. वर्धापनदिन आठवड्यावर आला.

त्या दुपारी दस्तगीर दुकानात आला तो हातात पक्कड घेऊनच.

"अण्णा, ती तिसरी पिन काढा."

"काढणार न्हाय."

"दोन पिना हुत्या तवर कायसुदिक नव्हतं. सेक्रेटरी बी तेच म्हणालाय. पिन काढ, आवाज घालव, काम ऱ्हाईल."

मी मध्ये पडलो. "अण्णा, पिन काढली तर आवाज जाईल?"

"जाईल की."

"शॉक?"

"त्यो बी बहुतेक जाईल."

"मग काढा ना! कशाला ताणताय?"

अण्णा माझ्याकडं वळले. "काढतो. पर उद्या मशीनमध्येच काय बिघडलं, पत्र्यात वीज उतरली आन् कुणी माइकला चिकटून मेलं, तर तुम्ही बातमी कशी लिवणार? त्यो मजकूर आधी सांगा. लगेच काढतो."

मी बाकावर मागं सरकून बसलो.

दस्तगीर मात्र मागं हटला नाही. "अण्णा, माणूस मरंल तवा मरंल. माझं काम आत्ता मरालंय. अब्बांनी त्या हॉलमध्ये हयात घालवली. उद्या लोक म्हणतील, पोराच्या मशीनला शॉक हाय म्हणून हाकलला. मग मला लग्नाचं काम तरी कोण देईल?"

अण्णा धाकट्याला हाक मारावी तसं कानडीत म्हणाले, "तम्मा." त्यांनी प्लग त्याच्यापुढं सरकवला. मग म्हणाले, "पिन कापायला पक्कड लागती, ती तुझ्या हातात हाय. काप. मी बघत बसतो. पर माझ्या हातनं न्हाय."

दस्तगीरनं प्लग हातात घेतला. उलटसुलट करून बघितला. मग पक्कड खिशात घातली.

"चला, हॉलवर जाऊ. परवानगी गेली खड्ड्यात. साउंडवाला मीच हाय अजून. मशीन जोडून बघायला मला कुणाची परवानगी लागत न्हाय!"

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता आम्ही तिघं सभागृहात होतो. शिपाई पांडबानं दार उघडून दिलं आणि सेक्रेटरींना फोनही करून दिला, त्यामुळं पाठोपाठ तेही आले. दस्तगीरनं मशीन जोडलं. बटण दाबलं. शांत!

"बघा," सेक्रेटरी म्हणाले, "कधी चालतं, कधी नाही. म्हणजे मशीनमध्येच गडबड."

अण्णा खुर्ची ओढून बसले. आम्ही थांबलो. थोड्या वेळानं सेक्रेटरींना तहान लागली. पांडबा पाणी आणायला व्हरांड्यात गेला आणि स्पीकरमधून आलं, घूंऽऽ.

अण्णा ताडकन उठले. "पांडबा! काय लावलास?"

"वॉटर कूलर."

"बंद कर."

शांत.

"लाव."

घूंऽऽ.

"योगायोग," सेक्रेटरी म्हणाले.

"पांडबा, बंद! लाव! बंद!" स्पीकर अण्णांच्या हुकुमात वागत होता. सेक्रेटरींनी पुन्हा 'योगायोग' म्हटलं, पण ऐकू आलं नाही, कारण तेव्हा कूलर चालू होता.

अण्णांनी पिशवीतून होल्डरला वायर लावलेला एक बल्ब काढला. एक वायर भिंतीतल्या बोर्डच्या चालू भोकात, दुसरी अर्थिंगच्या मोठ्या भोकात. अर्थिंग नीट असेल तर बल्ब लागायलाच पाहिजे. लागला नाही.

"ऐका," अण्णा म्हणाले. "तुमचा कूलर गळतोय. पाणी न्हाय, करंट. त्यो करंट अर्थिंगच्या वायरीनं जमिनीत जाय पायजे. जायला वाट न्हाय म्हणताना त्यो त्याच वायरीनं हॉलमधल्या सगळ्या तिसऱ्या पिनांत फिरालाय. मशीनला दोन पिना हुत्या तवा त्याला मशीनमध्ये शिरायला दार नव्हतं. मी दार करून दिलं. तिथनं पत्र्यात, पत्र्यातनं माइकमध्ये, माइकमधनं पाव्हण्यांच्यात!"

"अशक्य!" सेक्रेटरी चिडले. "अर्थिंग आहे आमच्याकडं. दरवर्षी तपासणी होते. या, दाखवतो!"

त्यांनी आम्हाला स्वतः मागच्या अंगणात नेलं. तिथं भिंतीवर लाल पाटी, 'अर्थिंग'. पाटीखाली सिमेंटची चौकट आणि तिच्यावर लोखंडी झाकण, चंदेरी रंगानं चकचकीत रंगवलेलं. भिंतीवरून हिरवी वायर पाइपातून उतरून झाकणाखाली गेलेली. सेक्रेटरींनी वाकून वायर धरली आणि जोर लावून ओढली. हलली नाही.

"घट्ट आहे! बघितलंत? तपासायला येतात तेही असंच ओढून बघतात."

"झाकण उघडा," अण्णा म्हणाले.

"त्याची काय गरज?"

मी वही काढली. "गरज नाही, असं सेक्रेटरींचं म्हणणं. लिहून घेतो."

सेक्रेटरींनी पांडबाकडं बघितलं. पांडबा जागचा हलला नाही. "सायेब, त्ये कधी कोण उघडत न्हाय."

दस्तगीरनं खिशातली पक्कड झाकणाच्या फटीत घातली. झाकण रंगानं चिकटून बसलं होतं. ते करकरत वर आलं.

आत अर्थिंगला लागणारी पट्टी नाही, पाइप नाही, मीठ नाही, कोळसा नाही. कोरडा हातभर खड्डा. हिरवी वायर आत आलेली आणि तिच्या टोकाला एक अर्धी वीट बांधलेली. व्यवस्थित, दोन वेढे देऊन, गाठ मारून. वीट चौकटीच्या कडेखाली अशी अडकवलेली की वरून कुणी कितीही ओढलं तरी वायर घट्टच लागावी.

दस्तगीरनं खाली बसून वीट हातात घेतली, फिरवून बघितली आणि सेक्रेटरींपुढं धरली.

"सायेब, ह्यो माझ्या मशीनचा पार्ट न्हाय."

वर्धापनदिनाच्या आत खरं अर्थिंग झालं. कूलर दुरुस्त झाला. अण्णांनी दस्तगीरच्या मशीनमधलं काहीही न बदलता ते सभागृहात लावलं आणि ते दोन तास कुरकुरलं नाही. तिसरी पिन जागेवर. त्या दिवशी सेक्रेटरींनी व्यासपीठावरून सांगितलं, "साउंडव्यवस्थेत सुधारणा करण्यात आली आहे." दस्तगीरचं काम राहिलं. त्याच्या मशीनमध्ये दोष नव्हता, हे मात्र ज्या व्यासपीठावरून तो आहे म्हणून सांगितलं गेलं, तिथून कधीही सांगितलं गेलं नाही.

मी बातमी लिहिली. लिहिण्याआधी सगळ्यांना विचारलं. वायरिंग करणारे ठेकेदार म्हणाले, "आम्ही वायर खड्ड्यापर्यंत आणून दिली. पुढचं आमच्याकडं नव्हतं." दरवर्षी तपासायला येणारे गृहस्थ म्हणाले, "वायर ओढून बघितली. घट्ट होती." सेक्रेटरी म्हणाले, "हा आमच्या आधीच्या कार्यकारिणीचा विषय." आधीचे सेक्रेटरी म्हणाले, "नंतरच्यांना विचारा." पांडबा म्हणाला, "मी फकस्त झाकान रंगवतो. दर दिवाळीला. वरनं."

वीट मी त्या दिवशी अंगणात हातात घेऊन नीट बघितली होती. तिलाही चंदेरी रंग होता. चारी बाजूंनी. आणि एक कोपरा उडालेला होता तिथं दिसत होतं की रंग एकदाच दिलेला नव्हता, थरावर थर होते, दर दिवाळीला एक असावा तसे.